सुटलेला काना

सरळ रेघ हा माणसाच्या चारित्र्याचा आरसा असतो, असं मनाशी म्हणत निवृत्त मुद्रितशोधकाने एकशे सातवी रेघ ओढायला घेतली. ती अर्ध्या वाटेपर्यंत नीट गेली, मग तिला काय आठवलं कोण जाणे, वळून एकशे सहावीला भेटायला गेली.

चित्रकलेचा वर्ग एका लाँड्रीच्या वरच्या खोलीत भरत असे. दुपारभर खालची इस्त्रीची वाफ लाकडी जमिनीच्या फटींतून वर येई आणि खिडकीतला उजेड पाणी घातलेल्या दुधासारखा पांढुरका होई. त्या उजेडात टेबल, टेबलावरचा कप आणि शेजारी बसून तोच कप काढणारा दंतवैद्य, सगळं कोणीतरी अर्धवट पुसून ठेवल्यासारखं दिसायचं.

शिकवणाऱ्या बाईंनी बावीस वर्षं वैद्यकीय पुस्तकांसाठी कानाच्या आतल्या भागांची चित्रं काढली होती. त्यामुळेच असेल, त्या बोलायच्या कमी आणि ऐकायच्या सगळं. रोज दीडशे रेघा काढायच्या, पट्टी नाही, रबर नाही. मग एक कप. दुसऱ्या दिवशी कागद परत मिळे. मुद्रितशोधकाच्या कागदाखाली लाल पेन्सिलीने एकच शेरा असायचा: पहा.

महिना झाला तरी तेच. पहा. दंतवैद्याला मात्र एकदा ‘बरं’ मिळालं होतं.

“तुमची गोष्ट वेगळी,” मुद्रितशोधक त्याला म्हणाला. “तुमचा जन्मच वाकून बघण्यात गेला.”

“कपाचं बरं असतं,” दंतवैद्य म्हणाला. “त्याला ‘आ’ करा म्हणावं लागत नाही.”

मुद्रितशोधक या वर्गात आला होता तो घरातल्या एका प्रश्नापायी. तीन महिन्यांपूर्वी बायकोने ओट्याशी पाठमोरं उभं राहून सहज विचारलं होतं,

“अहो, माझा तीळ कुठल्या गालावर आहे?”

“डाव्या,” तो वर्तमानपत्राआडून म्हणाला.

तीळ उजव्या गालावर होता. लग्नाला छत्तीस वर्षं झाली होती आणि तिळाने या काळात जागा बदललेली नव्हती. बायको भांडली नाही. तिने त्याला काही विचारायचंच सोडून दिलं. भाजी कोणती करू, पंखा बंद करू का, एवढा वेळ कुठे होतात, सगळं थांबलं. घरात उरली ती विधानं. “जेवण झालंय.” “दार उघडं आहे.” चौतीस वर्षं विरामचिन्हं सांभाळलेल्या माणसाला त्यांतलं एक घरातून नाहीसं झालेलं कळणार नाही, असं कसं होईल? ते परत आणायचं तर तिचं चित्र काढायचं, तेही तिळासकट, असं त्याने ठरवलं.

खरं तर दोष नजरेच्या वळणाचा होता. मुद्रितशोधकाची नजर चुकीवर अडते. बरोबर शब्दावरून ती सुळकन पुढे जाते. बायकोत त्याला कधी चूक सापडली नव्हती. हे तिला सांगायचं त्याच्या मनात अनेकदा आलं, पण ते कौतुक आहे की कबुली, हे त्याचं त्यालाच ठरवता येईना.

त्या दुपारी परत आलेल्या कागदावर पुन्हा ‘पहा’ होतं. त्याने खूप सोसलं होतं. हात आपोआप उठला, आणि ‘प’ व ‘ह’ यांच्या मधल्या चिंचोळ्या जागेत त्याने एक काना ओढून दिला. मग आपण काय केलं हे लक्षात येऊन तो कागद घडी करून खिशात घालू लागला.

“आणा इकडे,” बाई म्हणाल्या.

बाईंनी कागद खिडकीशी नेला. बराच वेळ धरून ठेवला.

“ही रेघ कोणाची?”

“माझी. सवय आहे, बाई. ‘पाहा’ला दोन काने लागतात. तुमचा एक सुटला होता.”

“एक महिना?”

“हो. रोज.”

दंतवैद्याने पेन्सिल खाली ठेवली.

“या कागदावर एकशे एक्कावन्न रेघा आहेत,” बाई म्हणाल्या. “सरळ हीच एक आहे. ओढताना काय मनात होतं?”

“काही नाही. तिथे काना नव्हता. असायला हवा होता.”

“मग तसंच काढा ना,” बाई म्हणाल्या आणि दंतवैद्याच्या कपाकडे वळल्या.

दुसऱ्या दिवशी बायको खिडकीत जुना स्वेटर उसवत बसली होती. लोकरीचा धागा तिच्या मांडीवरून जमिनीवर उतरत होता, वळणावळणाने, अजून कोणी न लिहिलेल्या ओळीसारखा. ऊन पडद्यातून गाळून येत होतं. तो समोर बसला. जिथे जे होतं तिथे ते ठेवत गेला: कानामागे सरकवलेली बट, हनुवटीखालची सावली, मान थोडी कललेली. ऊन खिडकीवरून जमिनीवर आलं तरी पेन्सिल चालूच होती. शेवटी त्याने पूर्णविराम द्यावा तसा तीळ दिला.

बायको उठून मागे येऊन उभी राहिली.

“परत डावीकडेच काढलात.”

त्याने कागद पाहिला, मग तिचा चेहरा.

“समोर बसलं की डावीकडेच असतो,” तो हळूच म्हणाला. “तू आरशात बघतेस, म्हणून तुला उजवीकडे.”

तिचा हात गालाकडे गेला आणि तिथेच राहिला. लोकरीचा गुंडा घरंगळत खुर्चीखाली गेला, तो कोणी उचलला नाही. बराच वेळ ती चित्राकडे बघत होती. मग म्हणाली,

“आणि हे नाक कोणाचं आहे?”

त्याने उत्तर द्यायची घाई केली नाही. प्रश्न काही वेळ खोलीत तसाच राहू दिला.

पुढच्या दुपारी बाईंनी चित्र नीट निरखलं, लाल पेन्सिल घेतली आणि खाली शेरा लिहिला: नाक पाहा.

दोन्ही काने जागेवर होते.