आईच्या परीक्षेतली पेशंट

"सिस्टर, तुम्हाला यातलं काही कळतं का, की सरळ डॉक्टरांनाच बोलवू?"

हा प्रश्न मी सगळ्यांसमोर विचारून दाखवावा, अशी दोघी मैत्रिणींनी माझ्याशी पैज लावली होती. आणि मी काय, नाटकात बक्षीस मिळाल्यापासून हवेतच होते! म्हटलं, हात्तिच्या, एवढंच ना?

माझी आई नर्स आहे आणि नोकरी सांभाळून नर्सिंगचं एमएस्सी करते. ते झालं की तिला अख्ख्या वॉर्डाची इन्चार्ज होता येईल. त्याचीच प्रॅक्टिकल परीक्षा कॉलेजच्या लॅबमध्ये होती. लॅब म्हणजे खोटा वॉर्ड. कॉट खरी, सलाइन खरं, फक्त पेशंट घरून आणायचा. बाबा आडवे झाले की घोरतात, म्हणून मी!

ड्युटी बदलताना एका नर्सने कॉटशी उभं राहून दुसरीला पेशंटची माहिती द्यायची, असा तो प्रसंग. बोलायचं होतं आईच्या वॉर्डातल्या नव्या नर्सने. मी तिला ताई म्हणते. आईने इन्चार्ज म्हणून बाजूला उभं राहायचं आणि पेशंटच्या जिवावर बेतल्याशिवाय मध्ये पडायचं नाही.

"तिला बोलू देणं, हीच माझी परीक्षा," आईने मला बजावलं होतं. "तू फक्त कण्हायचं."

कण्हले तर मी झकास. ताई सांगत होती, "काल अपेंडिक्सचं ऑपरेशन झालंय, ताप नाही, दुखणं उतरतंय..." आणि मी तो प्रश्न फेकला. चांगला खणखणीत.

ताईचा चेहरा खर्रकन उतरला. तरी तिने श्वास घेतला, तोंड उघडलं. मला स्पष्ट दिसलं, ती उत्तर देणार होती. तेवढ्यात,

"ए, नाटकं बंद कर! मुकाट्याने पडून राहा!"

आईचा घरचा आवाज. पलंगावर ओला टॉवेल टाकला की लागतो, तो.

परीक्षक मॅडमनी चष्मा काढला. "सिस्टर, पेशंटशी असं बोलता?"

"मॅडम, ती माझी मुलगी आहे."

"कॉटवर आहे तोवर ती पेशंट आहे. आणि उत्तर या नर्सच्या ओठांवर आलं होतं. तुम्ही ते देऊ दिलं नाहीत. परीक्षा पुन्हा द्यावी लागेल."

मी चादर डोक्यावरून ओढून घेतली. मागे कुणीतरी कुजबुजलं, "पेशंट गेली वाटतं." खरंच गेले असते तर बरं, असं वाटलं. ताई मात्र कुणाकडेही न बघता निघून गेली.

घरी आल्यावर मोबाइल सारखा वाजत होता. 'विचारलंस का??' मी तो पालथा घातला.

स्वयंपाकघरात बाबा आईची समजूत काढत होते. "अगं, पुन्हा द्यायची. त्यात काय एवढं?"

"कुणाबरोबर देऊ? टीम तीच लागते. आणि ती पोरगी म्हणते, मला नको, दुसरी कुणी बघा." आईने सुरी खाली ठेवली. "वॉर्डात कुणी ना कुणी तिला हेच ऐकवतं. आज माझ्या घरच्या माणसाने ऐकवलं."

"आई, ती पैज होती..." माझा बक्षीसवाला आवाज कुठे गेला होता कोण जाणे.

"असेल. पण तोंड मी आवरायला हवं होतं. ती देत होती उत्तर."

बास. ओरडली असती, दोन धपाटे घातले असते, तर मी रुसून तरी बसले असते. आता रुसायलाही जागा नव्हती. कान नुसते तापले होते.

"ऐका दोघंही," मी म्हटलं. "उद्या शाळा सुटली की मी वॉर्डात येणार. ताईची ड्युटी संपेपर्यंत बाहेर बाकावर बसणार. तिची माफी मागणार आणि आईबरोबर परीक्षेला पुन्हा उभी राहा, म्हणून हात जोडणार. नाही म्हणाली तर परवा परत येणार. आणि पैज लावणाऱ्या त्या दोघीही येणार आहेत. त्यांना अजून माहीत नाही, पण येणार आहेत!"