लाल म्हणजे कचरा

डावा गाल बधिर. डेंटिस्टची कृपा.

लिफ्टच्या आरशात वाकडं तोंड.

माझी खुर्ची कोणीतरी खाली केलेली.

स्क्रीनवर लाल अक्षरं.

आता नीट सांगते. आमच्या टीमच्या साहेबांना आम्ही पाठीमागे 'तात्पुरते' म्हणतो. एसी बंद पडला? तात्पुरत्या खिडक्या उघडा. माणूस सोडून गेला? तात्पुरतं त्याचं काम तू कर. अर्धवट कोड कमिट करायचा नाही, म्हणजे गिट नावाच्या कोडच्या नोंदवहीत चढवायचा नाही, हा त्यांचाच कायदा. का, तर नोंदींचा इतिहास घाणेरडा दिसतो. म्हणून औषधसाठ्याचा माझा नवा रिपोर्ट, महिनाभर लिहिलेला कोड, कुठेही न नोंदवता फक्त माझ्या मशीनवर पडून होता. आज क्लायंटला तो दाखवायचा आणि मी नोकरीत कायम व्हायचं, असं ठरलेलं.

मी दाढ भरायला गेले. तेवढ्यात तात्पुरत्यांना जुनी आवृत्ती बघायची हुक्की आली. माझ्याच मशीनवर.

"तुझे बदल स्टॅश केलेत गं. अलगद बाजूला ठेवलेत. घे परत."

घेतले. जुन्या फायलींतले बदल आले. ज्या नव्या फायलीत अख्खा रिपोर्ट होता, ती नाही.

"नवी फाइल कुठंय, सर?"

"ती होय? स्टॅश केलं तरी चिकटून बसली होती. लाल दिसत होती. लाल म्हणजे कचरा. उडवली."

लाल म्हणजे गिटशी अजून ओळख न झालेली फाइल. स्टॅश तिला आपणहून उचलत नाही. हे शिकाऊ मुलांना ठाऊक असतं. साहेबांच्या हुद्द्याला शोभत नसावं.

"रडतेस काय? डोक्यात असेलच की. दुपारपर्यंत परत लिही."

मी रडत नव्हते. बधिर ओठातून लाळ गळत होती. साहेबांना तेवढाही फरक कळला नाही.

दुपारी क्लायंटबाई आल्या. "रिपोर्ट?"

"तात्पुरता बाजूला ठेवलाय," साहेब गोड हसले.

"यांनी पुसला," मी म्हणाले. अर्ध्याच तोंडाने, पण स्पष्ट.

बाई गेल्यावर साहेबांनी दार लावलं. "तुझं कायम होणं आता तात्पुरतं बाजूला ठेवू."

"बाजूला कशाला? उडवा. तेवढंच येतं तुम्हाला."

मी बॅग उचलली. खुर्ची मात्र आधी होती तेवढी वर करून ठेवली.

आजच सकाळी, मी दाढ भरायला जाण्याआधी, साहेबांनी आम्हा सगळ्यांना बसवून, कोड सुरक्षित कसा ठेवावा यावर भाषण दिलं होतं.