हॅल्वरची जॅमपोळी

मी एक जुना टोस्टर आहे, मित्रांनो. मला दोन फटी आहेत आणि माझा खटका अजून एका दमात खाली जातो. हे आधीच सांगून टाकलं, कारण जुना म्हटलं की लोक लगेच कीव करायला लागतात. शिकागोजवळच्या ज्या कारखान्यात मी जन्मलो, तिथे मला अशी चकाकी दिली होती की तपासणाऱ्या बाईने आधी माझ्यात बघून स्वतःचे केस सारखे केले आणि मगच मला पास केलं. रूपाचं एवढं कौतुक मला पुढे कधी लाभलं नाही. असो.

तिथून मी मिनेसोटात आलो, तळ्याकाठच्या एका गावात, गाईगुरं असलेल्या घरी. सकाळी आईवडील दोघंही गोठ्यात असायचे. घरात उरायचो मी आणि त्यांचा मुलगा हॅल्वर. त्याला मी अरेतुरेच करणार, कारण शर्टाची बटणं वरखाली लावायचा तेव्हापासून मी त्याला ओळखतो. शाळेची बस यायच्या आत त्याला काहीतरी खायला हवं असे, आणि चुलीला हात लावायची त्याला बंदी होती. त्याच सुमारास दुकानात एक नवी वस्तू आली. चकचकीत कागदात जोडीने बांधलेल्या, आत जॅम भरलेल्या चौकोनी पोळ्या. त्यांना कुणी काहीही म्हणो, मी जॅमपोळी म्हणतो. फटीत सोडायची, खटका दाबायचा, वर आली की खायची. हॅल्वरने आयुष्यात पहिल्यांदा स्वतःच्या हाताने केलेला स्वयंपाक तो हाच, आणि त्यात माझा वाटा मोठा होता. तो आधी चारी बाजूंच्या कोरड्या कडा खायचा. मग उरलेला जॅमचा भाग डोळे मिटून खायचा. बस दारात भोंगा वाजवत असली तरी डोळे मिटलेलेच.

पुढे तो मोठा झाला, डेअरीचा दुधाचा टँकर चालवू लागला, आणि आर्डेलशी त्याचं लग्न झालं. आर्डेल सुगरण होती. पाकिटातलं खाणं म्हणजे आळशी घराचं लक्षण, असं तिचं स्पष्ट मत होतं. तिने माझ्याकडून वर्षानुवर्षं पावच भाजून घेतला. हॅल्वरने जॅमपोळीचं नाव काढलं नाही. मोठ्या माणसाने असलं पोरकट खाणं मागायचं कसं? आणि मागणं हे तसंही आमच्या गावात कुणाला जमत नाही. मग मुलीने, मारिटने, चार फटींचा नवा टोस्टर भेट दिला आणि माझी रवानगी तळघरात झाली, धुलाईयंत्राच्या शेजारी. घर फिरलं की वासेही फिरतात म्हणतात. माझं तर नुसतं फडताळ फिरलं, पण वाईट वाटायचं ते वाटलंच.

आर्डेल गेली ती गेल्या हिवाळ्यात. मला ते वरून येणाऱ्या पावलांवरून कळलं. आधी खूप पावलं आली, मग एकच जोडी उरली. चर्चच्या बायकांनी रीतीप्रमाणे बटाट्याच्या आणि नूडल्सच्या थाळ्या आणून माझ्या शेजारचा फ्रीजर भरला. प्रत्येक थाळीच्या बुडाला जिची तिच्या नावाची चिकटपट्टी. हॅल्वरने एकीलाही हात लावला नाही. त्याचं वजन उतरत चाललं, ते पावलांवरूनही कळे. शेवटी मारिटने सकाळच्या कामाला होदानला लावलं. ही होदान सोमालियातून आलेली, आता याच गावात घर करून राहिलेली. मारिटने हॅल्वरलाही बजावलं, ते खाली मलाही ऐकू आलं, "बाबा, ईस्टरपर्यंत अंगावर मांस दिसलं नाही, तर मी तुम्हाला माझ्या शहरात नेणार. तिथलं वृद्धांचं निवासस्थान चांगलं आहे."

हॅल्वरला हे घर सोडायचं नव्हतं. पण ते तो कुणाला सांगणार होता?

एक दिवस वरचा चार फटींचा टोस्टर बंद पडला. मला आनंद झाला नाही असं मी म्हणणार नाही. कपडे धुवायला आलेल्या होदानने मला पाहिलं, पुसलं आणि वर नेलं. दुसऱ्या दिवशी तिने पिशवीतून स्वतःची न्याहारी काढली, आणि काय सांगू मित्रांनो, ती जॅमपोळी होती. वर साखरेचा थर नसलेली साधी, हॅल्वरच्या लहानपणी मिळायची अगदी तशी. थराच्या पोळीत जिलेटिन असतं, बहुधा डुकराचं, ते होदानला चालत नाही. ती पोळी मी जीव ओतून भाजली. वास सुटला तसा खुर्चीतला हॅल्वर सरळ होऊन बसला.

"काका, घेता का एक?" होदानने विचारलं.

"नको, नको. मी ठीक आहे."

"बरं," म्हणून ती शांतपणे खाऊ लागली. हॅल्वर ताटलीकडे बघत राहिला. मला बोलता येत असतं तर मी त्या क्षणी ओरडलो असतो.

तेवढ्यात शेजारची वर्ना तिची थाळी परत न्यायला आली. तिने हॅल्वरचं तोंड पाहिलं, ताटली पाहिली.

"विचारलंस का गं याला?"

"विचारलं. नको म्हणाले."

"किती वेळा विचारलंस?"

"एकदा. नको म्हणजे नको ना, काकू? कामावर घेताना हेच शिकवलं, माणसाच्या नकाराचा मान ठेवायचा."

वर्ना खुर्ची ओढून खालीच बसली. "अगं बाई, इथे पहिलं नको म्हणजे नुसता रामराम. दुसरं नको म्हणजे बसा, टेका. तिसऱ्यांदा विचारल्याशिवाय माझ्या नवऱ्याने लग्नाच्या दिवशी केकसुद्धा खाल्ला नव्हता. तू रोज एकदा विचारून ताट उचलतेस? उपाशी मारशील माझ्या शेजाऱ्याला."

होदानने कपाळाला हात लावला. "माझ्या आईला कळलं तर मला दारात उभी करणार नाही. आमच्याकडे पाहुण्याला नाही म्हणायची सोयच नसते. मला वाटलं, तुमची माणसं बोलतात ते खरं धरायचं असतं." मग ती हॅल्वरकडे वळली. "काका, घ्या की."

"छे, तुझ्या न्याहारीत कशाला हात घालू?"

"माझं झालंय. गरम आहे, घ्या."

"बरं," हॅल्वर म्हणाला, "वायाच जाणार असेल तर अर्धी."

त्याने आधी कडा खाल्ल्या. मग डोळे मिटले. सत्तरीकडे झुकलेला माणूस, हनुवटीला जॅम लागलेला, आणि चेहरा असा की बघताना माझ्या तारा जास्तच तापल्या. अर्धीची एक झाली, एकीच्या दोन. त्यानंतर होदान अंड्यासाठीही तीनदा विचारू लागली आणि सूपसाठीही. हॅल्वरचा पट्टा एका भोकाने सैल करावा लागला.

ईस्टरच्या आधी मारिट आली. वडिलांचे गाल भरलेले पाहून तिला बरं वाटलं, पण ती मनाशी ठरवूनच आली होती.

"बाबा, त्या निवासस्थानात तळ्याच्या बाजूची खोली रिकामी झालीय. अशी खोली रोज मिळत नाही. चला माझ्याजवळ."

हॅल्वरने मान वर केली. "नको गं. मी इथे ठीक आहे."

"तुमचं आपलं काहीतरीच. चला ना."

"तुला कशाला उगाच त्रास?"

"त्रास कसला? माझा जीव टांगणीला लागतो तिकडे. चला, बाबा."

आणि मित्रांनो, जन्मभराची सवय ती. तिसऱ्यांदा कुणी आग्रह केला की हॅल्वरच्या तोंडून एकच वाक्य निघतं, ते निघालं. "बरं, तू म्हणतेस तर."

"ठरलं मग," मारिटने सुटकेचा श्वास सोडला आणि फोन काढला. हॅल्वर स्वतःच्या हातांकडे बघत बसला. माझ्यात विजेचा प्रवाह नव्हता, तरी मला चटका बसला.

सिंकपाशी उभी असलेली होदान हात पुसत पुढे आली. "ताई, रागावू नका. ते नको म्हणाले."

"अगं, ते सगळ्यालाच नको म्हणतात. मी त्यांची मुलगी आहे, मला माहीत नाही का?"

"जॅमपोळीला नको म्हणतात तेव्हा काका ताटलीकडे बघत असतात," होदान म्हणाली. "आत्ता ते तुमच्याकडे बघून नको म्हणाले."

मारिटचा फोन हातातच राहिला. ती वडिलांसमोर बसली, अंगातला कोटही न काढता.

"बाबा? खरंच नको?"

हॅल्वरने तिच्या डोळ्यांत पाहिलं. "मला इथे राहायचंय," तो म्हणाला. "हे माझं घर आहे. मला इथेच राहायचंय." मला अमुक हवंय, असं त्याच्या तोंडून मी आजवर ऐकलं नव्हतं. लहानपणीही नाही.

मारिटचे डोळे भरून आले. "मग आधी का नाही सांगितलंत?"

"सांगितलं की. पहिल्याच वेळी नको म्हटलं."

ती खोली दुसऱ्या कुणाला तरी मिळाली. मारिट आता दर रविवारी येते. मला परत तळघरात न्यायचा विषय कुणी काढत नाही, आणि काढलाच तर माझंही पहिलंच नको खरं समजा.

म्हणून सांगतो, मित्रांनो. घरातल्या म्हाताऱ्या माणसाला एकदा विचारून ताट उचलू नका, पुन्हा विचारा. आणि पुन्हा विचारताना फोनकडे बघू नका, त्याच्या डोळ्यांकडे बघा. पोळीचा आग्रह करा, हवा तेवढा करा. माणसाला घर सोडायचा मात्र करू नका.