उलट्या पिनेचा अडॅप्टर

"नाना, तुमचा अडॅप्टर मुका आहे," ओट्याची पायरी चढता चढताच दिपमालाने जाहीर केलं. एका हातात कापडी पिशवी, दुसरा हात भिंतीला. मागून तिचे वडील प्रेमराज गाडी स्टँडवर लावत होते.

सुपडू नानांनी हातातला पंख्याचा कंडेन्सर खाली ठेवला. आयटीआयमध्ये एकतीस वर्षं वायरमनचं काम शिकवून ते निवृत्त झाले होते, आणि पिंप्राळ्यातल्या या कॉलनीत त्यांच्या घराचा एक नियम पोरासोरांनाही पाठ होता : नाना दुरुस्त करून देत नाहीत, दुरुस्त करायला लावतात.

"मुका कसा असेल? परवाच मीटर लावून तपासून दिलाय. साडेचार व्होल्ट, बरोब्बर."

"मग तो तुमच्याशीच बोलतो, माझ्याशी नाही."

प्रेमराज हसत आत आले. "नाना, हिला सांगा जरा. सकाळपासून तोंड फुगवून बसलीय. म्हटलं, मोबाइलवर दुसरी गोष्ट ऐक, शंभर सापडतील. तर म्हणते, मला हीच पाहिजे."

हीच म्हणजे कोणती, ते नानांना ठाऊक होतं. दिपमाला बारा वर्षांची. जन्मापासून तिला दिसत नाही. धुळ्याच्या निवासी शाळेत ती शिकते आणि तिच्या खोलीतल्या अकरा धाकट्या मुलींना झोपताना गोष्ट सांगणं हे तिचं काम. कुणी नेमून दिलेलं नाही, तिने मिळवलेलं. शाळेच्या कपाटात जुन्या सीड्यांवर वाचून ठेवलेल्या गोष्टी होत्या. ती ऐकायची, मग सांगायची. या खेपेची गोष्ट तापीकाठच्या एका नावाडीणबाईची. एक परका माणूस तिच्या नावेत कुलूपबंद पेटी ठेवून जातो, परत येतच नाही. बाई पेटीला कान लावते, तर आतून टकटक आवाज. आणि नेमकं तिथे शाळेचा प्लेअर बंद पडला.

अकरा जणींनी तिचा पिच्छाच पुरवला. शेवटी दिपमालाने एक शेवट मनाने रचला, पेटीत सोन्याची नाणी होती म्हणून सांगितलं. तर सहा वर्षांची मोनाली पांघरुणातून उठून बसली. "खोटं! पेटी हलकी होती, तूच म्हणाली होतीस. आणि नाणी टकटक करतात का?"

तेव्हापासून दिपमालाने सांगितलेल्या प्रत्येक गोष्टीला "हे खरं का?" असं विचारलं जाऊ लागलं. शाळेतल्या बाईंची परवानगी काढून ती सीडी घरी घेऊन आली. दिवाळीच्या सुट्टीत खरा शेवट ऐकीन आणि आल्या आल्या सांगीन, असा शब्द देऊन. आज शनिवार होता. सोमवारी सकाळची धुळ्याची बस.

प्लेअर प्रेमराजांनी आठवडी बाजारात छगन जुनेवाल्याकडून आणला होता. चपटा, ताटलीएवढा, हेडफोन लावून ऐकायचा. अडॅप्टर नव्हताच, आणि खालची माहितीची पट्टी घासून पुसून गेलेली. पेन्सिल सेल घालायच्या खोबणीतली प्लसकडची पत्री इतकी गंजलेली होती, की पहिले सेल बदलतानाच तिचा भुगा होऊन दिपमालाच्या हातात आला. म्हणून नानांनी आपल्या डब्यातून हा अडॅप्टर दिला होता. पिन बसली, अडॅप्टरचा दिवा लागला, नाना खूश. प्लेअर मात्र हूं की चूं नाही.

"छगनने फसवलं," प्रेमराज म्हणाले. "मेलेलं मढं दिलं."

"मेलेलं नाही, पप्पा." दिपमालाने पिशवीतून प्लेअर काढला, दोन सेल काढले आणि चॉकलेटच्या चांदीची एक घट्ट गोळी काढली. तुटलेल्या पत्रीच्या जागी तिने गोळी कोंबली, बोटाने दाबून धरली आणि बटण दाबलं. आतून सर्रर्र असा बारीक आवाज आला. तबकडी फिरली, दहा-बारा अंक मोजेपर्यंत, मग बोट हललं आणि थांबली. "बघा. दर वेळी इतकंच. गोष्टीचं नाव सांगून होतं, आणि संपतं."

नानांच्या भुवया वर गेल्या. हे त्यांनी स्वतः करून पाहिलं नव्हतं. "म्हणजे काय झालं, सांग."

"म्हणजे प्लेअर जिवंत आहे."

"आणि अडॅप्टर?"

"तुम्ही म्हणता तोही जिवंत आहे." तिने पिशवीतून अडॅप्टर काढला. "दोघंही जिवंत, तरी भेट होत नाही. मग भांडण पिनेत आहे का?"

नानांनी मीटर आणलं, अडॅप्टर बोर्डात लावला, लाल टोक पिनेच्या आत, काळं बाहेरून. चार पूर्णांक सहा. "भांडणबिंडण काही नाही," ते म्हणाले, पण आवाजात परवासारखा जोर नव्हता. पिन हलवून पाहिली, वायर वाकवून पाहिली. आकडा जागचा हलेना.

आतून नानांच्या पत्नी भिकुबाई चहा घेऊन आल्या. लग्न होऊन धुळ्याकडून इकडे आल्याला चाळीस वर्षं झाली, तरी त्यांची अहिराणी बोली जशीच्या तशी. "बठ्ठा घरमा वायरीज वायरी. त्या पोरले चहा ते पिऊ द्या."

चहा पिता पिता प्रेमराजांना धरणगावच्या शेताची आठवण झाली. "नाना, गंमत सांगतो. मागच्या वर्षी बोअरमध्ये नवी मोटर टाकली. आवाज असा की शेजारचा झुलाल पळत आला. आणि पाणी? पोराच्या मुतासारखं. मी म्हटलं, मोटरच खराब. वायरमन आला, हसला, स्टार्टरमधल्या दोन वायरी इकडच्या तिकडे केल्या. धो धो पाणी! मोटर उलटी फिरत होती म्हणे."

दिपमालाचा कप ओठांशीच थांबला. "नाना, याच्यातली वीज उलटी येत असेल तर?"

"अगं, ते तीन फेजचं निराळं असतं. इथे..." नानांची नजर अडॅप्टरांच्या डब्याकडे गेली. त्यांच्या डब्यातल्या सगळ्या अडॅप्टरांना पिनेच्या आत प्लस असायचं. म्हणून यालाही चालेल, असं ते धरून चालले होते. अडॅप्टरला त्यांनी दोनदा विचारलं होतं. प्लेअरला एकदाही नाही.

"इथे काय, नाना?"

"इथे तुझं म्हणणं तपासायला पाहिजे. पण मीटरचा आकडा मी वाचून सांगितला, तर ते माझं उत्तर होईल. थांब."

त्यांनी खण उपसला. मोडक्या खेळण्यातली अंगठ्याएवढी मोटर सापडली. तिच्या दांडीला त्यांनी पोस्टकार्डाची पट्टी चिकटवली आणि तिच्या दोन वायरींपैकी एकीला गाठ मारली. "ही गाठीची वायर सेलच्या टेंगळाला लाव, म्हणजे प्लसला. दुसरी सपाट बाजूला. आणि बोट इथे, पट्टीच्या शेजारी. बोट मोडत नाही, घाबरू नको."

"मी कुठे घाबरले? घाबरताहेत पप्पा."

प्रेमराज खरोखरच पुढे सरकले होते. त्यांनी हात मागे घेतला.

पट्टी फर्रर्र फिरली. दिपमाला खुदकन हसली. "गुदगुल्या होतात! बोटाला वरून खाली ढकलतेय."

"आता वायरी बदल."

"आता खालून वर."

"झालं तर मग. तुझं बोट म्हणजे मीटर. आता अडॅप्टरला विचार."

नानांनी पिनेच्या आत एक तार सरकवून दिली. दिपमालाने गाठीची वायर त्या आतल्या तारेला लावली, दुसरी पिनेच्या बाहेरून. पट्टी सेलच्या मानाने दुप्पट वेगाने फिरली. "वरून खाली," ती म्हणाली. "म्हणजे आत प्लस."

"आणि प्लेअरला आत काय पाहिजे?"

आता ती अडली. प्लेअरवर बोट फिरवलं, पिन घालायच्या भोकात नख घातलं. आत एक बारीक खुंटी लागत होती. "याला कसं विचारायचं? हा तर वीज देत नाही, घेतो."

नानांना उत्तर माहीत होतं. ते जिभेच्या टोकावर आलं आणि त्यांनी ते चहाच्या शेवटच्या घोटाबरोबर गिळलं. सुपारी कातरावी तसा वेळ कातरत ते बसून राहिले. प्रेमराज दोनदा "अहो नाना..." म्हणाले, दोन्ही वेळा नानांनी हात वर केला.

"सेल!" दिपमाला एकदम म्हणाली. "सेल यात नीट बसतो तेव्हा हा चालतो. सेलची सपाट बाजू स्प्रिंगला टेकते. म्हणजे तुटलेल्या पत्रीच्या शेजारची ही स्प्रिंग मायनस. ही स्प्रिंग भोकातल्या खुंटीशी जोडलेली आहे का, ते कळलं की झालं."

"आणि ते कसं कळेल?"

"तुमच्या मीटरमध्ये ते पीं वाजतं ना? मागे तुम्ही वायर तुटलीय का ते बघत होतात तेव्हा वाजलं होतं."

नानांनी मीटरचा खटका फिरवून तिच्या हातात दिला. चांदीची गोळी आणि सेल तिने आधीच बाहेर काढून ठेवले होते, तेही कुणी न सांगता. नानांनी ते मनात नोंदवलं. एक टोक स्प्रिंगला, दुसरं चाचपडत भोकातल्या खुंटीला.

पीं.

दिपमालाने टोक काढलं आणि खात्रीसाठी परत लावलं. पीं.

"याला आत मायनस पाहिजे," ती म्हणाली. "आणि आपण प्लस देत होतो."

"मी देत होतो," नाना म्हणाले. "चूक माझी. आयुष्यभर पोरांना सांगितलं, आधी यंत्राला काय हवं ते विचारा, मग वीज द्या. आणि स्वतः विसरलो. नशीब, उलटी वीज आली तर तिला दारातच अडवणारा एखादा पहारेकरी याच्या आत असणार. नाहीतर आज हा खरंच मेला असता."

"मग आता पप्पांच्या मोटरसारखं?"

"तसंच. पण आधी?"

"आधी बोर्डातून काढायचं." तिने स्वतः वायर धरून बोर्डापर्यंत हात नेला आणि अडॅप्टर उपटला.

वायर नानांनी कापली. सोलायचं काम तिचं. दोन जुळ्या वायरींवरून बोट फिरवताना ती म्हणाली, "एकीवर बारीक रेघ आहे, उठावाची. दुसरी गुळगुळीत."

"ती रेघ कशाला असते, कधी लक्षात आलं होतं?"

"मला वाटलं, माझ्यासाठीच ठेवलीय." प्रेमराज हसले. रेघवाली तिने पलीकडच्या तुकड्याच्या गुळगुळीत वायरीला पिळली, गुळगुळीत रेघवालीला. दोन्ही जोडांवर वेगवेगळी टेप, एकमेकांना लागू नये अशी. पहिली टेप सैल बसली, ती तिने उलगडली आणि परत गुंडाळली. नानांची बोटं शिवशिवत होती. त्यांनी ती मांडीखाली दाबून धरली.

मग पुन्हा अडॅप्टर बोर्डात, पुन्हा मोटर, गाठीची वायर आत. "खालून वर!" दिपमाला ओरडली. आता कुठे पिन प्लेअरमध्ये गेली. सर्रर्र. तिने हेडफोन कानाला लावला आणि ओठांतल्या ओठांत मोजू लागली. दहा. बारा. वीस. तीस झाल्यावर मोजणं थांबलं.

"चाललं का?" प्रेमराजांनी विचारलं. तिने हात हलवून त्यांना गप्प केलं.

नाना तिच्या चेहऱ्याकडे पाहत बसले. आवाज तिच्या कानात, बाहेर नुसती सर्रर्र. ती मान हलवायची, मध्येच बटण दाबून थोडं मागे जायची. भिकुबाई दाराच्या चौकटीला टेकल्या. एका जागी दिपमालाचा श्वास अडकला, तो कितीतरी वेळ सुटलाच नाही. मग तिच्या भुवया वर गेल्या, तोंड उघडलं आणि ती अशी हसली की हेडफोन एका कानावरून घसरला.

"काय? काय होतं पेटीत?" नाना विचारून बसले. आयटीआयच्या एकतीस वर्षांत त्यांनी कुणाला इतक्या घाईने प्रश्न विचारला नव्हता.

दिपमालाने हेडफोन काढला, सीडी बाहेर काढली, पाकिटात घातली, पाकीट पिशवीत. "नाही सांगणार."

"अगं, मी नाना आहे!"

"आधी त्या अकरा जणी. शब्द दिलाय. आणि मोनालीने विचारलं, आधी कुणाला सांगितलंस का, तर मी खोटं नाही बोलणार आता."

"घड्याळ होतं ना?" प्रेमराज गाडीची किल्ली शोधत म्हणाले. "टकटक म्हणजे घड्याळच."

"पप्पा, तुम्ही गाडी काढा."

दोघं गेले. वळणावरून तिचं हसणं अजून ऐकू येत होतं. नाना ओट्यावर उभे राहून विचार करत होते : हलकी पेटी, आतून टकटक, आणि हसू येईल असं. पोपट? पण मग श्वास का अडकला?

"इतला वरीस पोरेसले शिकाडं," मागून भिकुबाई म्हणाल्या, "अन् एक पोर तुमले गोष्ट सांगस नही."

"सांगेल. सोमवारनंतर फोन करेल म्हणाली."

"कव्हय म्हणनी?"

म्हणाली नव्हतीच. नानांनी खिशातून फोन काढला, त्याची चार्जिंग पाहिली आणि तो चार्जरला लावायला आत गेले.