टाकलेले पत्ते

मामाने मला पोकर शिकवायला घेतलं तेव्हा निघायला अकरा दिवस उरले होते. दूरच्या शहरातल्या एका प्रयोगशाळेत मला तीन वर्षांसाठी जागा मिळाली होती. मी अट घातली होती की मामाची नजर ठीक असेल तरच जाईन. मला लहानाचं मोठं त्याने एकट्याने केलं, कपडे शिवून. सहा महिन्यांपूर्वी त्याने शिलाई मशीन विकलं, "कंबर धरते" म्हणून. डोळ्यांच्या डॉक्टरकडे एकटाच जाऊन आला आणि म्हणाला, "वयोमानाप्रमाणे आहे."

पैशांऐवजी आम्ही बटणं लावायचो. कोटाचं मोठं बटण दहाचं, शर्टाचं एकाचं. पत्ते पाच. नको असतील ते एकदाच बदलून घ्यायचे, मग बटणं पुढे सरकवायची. धीर असेल तर समोरच्याने तेवढीच बटणं लावून 'दाखव' म्हणायचं, नसेल तर पत्ते पालथे टाकून डाव सोडायचा.

"आणि टाकलेले पत्ते उलटून बघायचे नाहीत," मामा म्हणाला. "काय होते ते दाखवायचंही नाही."

"मग माझा अंदाज बरोबर होता की नाही, हे कळणार कसं?"

"नाही कळणार, प्रोफेसरीणबाई. तुझ्यासारखीला झोप लागणार नाही, पण खेळ असाच आहे."

पहिले चार दिवस मी सपाटून हरले. "जोडी आली की तुझा श्वास अडकतो," तो हसायचा. "मला इथवर ऐकू येतं."

मग मी वही घातली. तो किती बटणं लावतो, कधी कान खाजवतो, कधी गुणगुणतो, सगळं टिपलं. डावाच्या शेवटी तो पत्ते माझ्यासमोर पसरायचा. "माझेही तूच वाच. शिकणाऱ्याने वाचायचे." चौऱ्याहत्तर डावांनंतर हिशेब केला. त्याचे पत्ते आणि त्याने लावलेली बटणं यांचा एकमेकांशी काडीचा संबंध नव्हता. पत्ते बघताना त्याची मान किंचित डावीकडे कलायची, पण ती दरवेळीच कलायची, म्हणून ती नोंद मी निरुपयोगी ठरवली. निष्कर्ष लिहिला: अतिशय मुरलेला खेळाडू.

शेवटच्या दुपारी बॅग भरून दाराशी ठेवली होती. तरी मी विचारलं, "डॉक्टरचा कागद दाखव ना एकदा."

"हा डाव खेळू. मी जिंकलो तर तू मुकाट्याने गाडीत बसायचंस. डोळ्यांचा विषय पुन्हा काढायचा नाही."

"आणि मी जिंकले तर?"

"तर कागद शोधतो."

माझ्याकडे तीन नव्वे आले, कुठल्याही जोडीपेक्षा वरचढ. मामाने मान कलवून पत्ते बराच वेळ पाहिले आणि त्यातले दोन टाकले. ते टेबलावरून घसरून जमिनीवर उताणे पडले. मी उचलायला वाकले तेव्हा दिसले. बदामचा राजा, किलवरचा राजा.

हातातली राजांची जोडी कोणी टाकत नाही. मीसुद्धा पहिल्या दिवशी टाकली नसती. एक आजार असतो, त्यात नजरेचा मधला भाग जातो आणि कडा तेवढ्या शाबूत राहतात. माणूस घरभर नीट वावरतो. फक्त समोरचं बघायला त्याला मान वळवावी लागते.

"सापडले का पत्ते?" मामाने विचारलं.

"सापडले."

त्याने दोन नवे पत्ते घेतले आणि सगळी बटणं पुढे ढकलली. "बोला, प्रोफेसरीणबाई."

नुसतं 'दाखव' म्हणायचं होतं. त्याने पत्ते पसरले असते, मी वाचले असते, आणि बॅग पुन्हा कपाटावर गेली असती. मला जायचंही होतं. हे लिहिलं नाही तर नोंद अपुरी राहील.

श्वास अडकू न देता मी पत्ते पालथे टाकले.

"घाबरलीस! काय होतं गं?"

"टाकलेले पत्ते दाखवायचे नसतात."

"शिकलीस की!" तो इतका खूश झाला की बटणं गोळा करताना एक खाली पडलं. पांढरं, कोटाचं, त्याच्या पावलापासून वीतभर अंतरावर. तो वाकून फरशीवर हात फिरवू लागला, डावीकडे, मग उजवीकडे. मी आवाज न करता पायाच्या अंगठ्याने ते बटण त्याच्या बोटांखाली सरकवलं.

"हे बघ, दिसलं," मामा म्हणाला.