मोसुके माणूस झाला

चिनात्सुने आपल्या चित्रातून मोसुकेला जन्म दिला तेव्हा नागोयाच्या त्या लहानशा गेम कंपनीत सगळे खो खो हसले होते. एक डोळा, अंगभर शेवाळ, लोंबते गाल. इंटरनेटवर अशा गोड राक्षसांना 'जिंगाई' म्हणतात, म्हणजे माणूस नसलेले, आणि त्यांच्यावर जीव टाकणारे कमी नाहीत. पण मोसुकेवर जीव टाकणारा एकही दिसेना.

"चिटपाखरूसुद्धा बोलत नाही त्याच्याबद्दल," कुरोयानागी साहेब म्हणाले. "काढून टाकू."

"एक संधी द्या, साहेब. म्हणाल ते करते."

"मग देखणा कर त्याला. माणूस कर सरळ."

पुसला जाण्यापेक्षा हे बरं, असं मनाला बजावत तिने शेवाळ खरवडलं, दुसरा डोळा रेखाटला, गाल आवळले. सोमवारी सकाळी गोरापान मोसुके गेममध्ये उतरला आणि लोकांची झुंबड उडाली. साहेबांनी ऑफिसभर तांदळाची मोची मिठाई वाटली.

दुपारी चिनात्सुच्या फोनवर वाकाबा नावाच्या अनोळखी बाईचा निरोप आला. "एकदाच आमच्या बंद खात्यात येऊन बघा."

आता या जिंगाईवाल्यांची रीत काय सांगावी! प्रेम कुलूपबंद खात्यात करायचं, बाहेर ब्र काढायचा नाही. लोकांना किळस नको, आणि चित्रकाराला आपल्यामुळे संकोच नको; आपल्यापायी कुणाला त्रास होईल असं वाटलं, की खातंच बंद करून टाकायचं. आत शेकडो माणसं होती, आणि त्यांनी टाकलेले फोटो नि चित्रं. लोकरीचा मोसुके, डब्यातल्या भाताचा मोसुके, तापात कण्हणारा मोसुके. सकाळपासून मात्र नुसती रडारड.

चिनात्सुला हुंदका आवरेना. "एकदा तरी मोठ्याने बोलायचं होतंत हो," तिने लिहिलं.

"तुम्हाला त्रास होऊ नये म्हणून गप्प राहिलो," वाकाबाचं उत्तर आलं. "तुम्हालाच तो नकोसा झालाय, हे कुठे माहीत होतं?"

"नकोसा नाही! थांबा, मी परत आणते त्याला."

ती धावत साहेबांच्या खोलीत गेली आणि तिने जमिनीला कपाळ टेकलं. "जुना मोसुके परत घ्या. त्याची माणसं आहेत, साहेब. खूप आहेत."

"ऊठ आधी. कुठेयत? एक तरी दाखव."

कुलूप मोडून त्यांना चव्हाट्यावर आणायचं तिच्या जिवावर आलं, पण आता इलाज नव्हता. तिने फोन उघडून पुढे धरला.

साहेबांनी चष्मा वर सरकवला. "खातं बंद केलंय असं लिहिलंय," ते म्हणाले. "इथे कोणीच नाही, चिनात्सु."