मॅनेजरच्या मिशा

आमच्या घरात दोन मतं होती आणि दोन्ही एकाच पातेल्यातलं जेवायची. माझी नणंद, म्हणजे यांची थोरली बहीण, कारखान्यात लाल बावट्याची संघटना बांधत होती. आणि आमचे हे, नाक्यावर एका खुर्चीचं सलून चालवणारे, स्वतःला मालकवर्गात मोजत होते. "मी कोणाचा नोकर नाही," असं दिवसातून तीनदा तरी म्हणायचे. वन्सं शांतपणे विचारायच्या, "मग गिऱ्हाईक आलं नाही की रजेचा पगार कोणाकडे मागतोस?"

वन्सं आणि मी एकाच शेडमध्ये मागावर. तीनशे माणसं, सहाशे माग, आणि असा खडखडाट की शेजारी छप्पर कोसळलं तरी धूळ उडाल्यावर कळावं. पहिल्या वर्षात माणूस अर्धा बहिरा होतो आणि दुसऱ्या वर्षी ओठ वाचायला शिकतो. आम्ही आवाज न काढता, नुसतं तोंड हलवून बोलतो. या टोकाच्या बाईचं त्या टोकाच्या बाईशी कडाक्याचं भांडण लागतं आणि मधल्या कोणाला एक शब्द ऐकू येत नाही. बघायला मात्र सगळे असतात.

वन्संना कोणीतरी एक पुस्तिका आणून दिली होती, कव्हर फाटलेली. भांडवल म्हणजे काय, नफा कुठून येतो, कामगारांनी काय करावं, असं सगळं तिच्यात होतं. कारखान्यात सभेला बंदी, चार डोकी एकत्र दिसली की मुकादम धावून यायचा. म्हणून वन्संनी ती मागापाशी उभं राहून, रोज एक पान, नुसत्या ओठांनी सांगितली. शेजारणीने पुढच्या मागाला, तिने त्याच्या पुढच्या. मजकूर सरकता सरकता आटत गेला. शेवटच्या मागावरच्या म्हातारीपर्यंत अख्खी पुस्तिका मिळून एवढंच पोचलं: तो एक, आपण तीनशे. वन्सं म्हणाल्या, "चालेल. लिहिणाऱ्यालाही एवढंच सांगायचं होतं, त्याला वेळ होता म्हणून लांबवलं."

मालकांनी शेडमध्ये उंचावर काचेची केबिन बांधून घेतली होती. तिथून तीनशेच्या तीनशे जण दिसावेत म्हणून. आपणही तीनशे जणांना दिसतो, हे काही त्यांच्या डोक्यात आलं नाही. पैसेवाल्याला दुसऱ्याला बघायची सवय असते, दुसऱ्याने आपल्याला बघायची नसते.

मालक सफाचट, बोलणं सावकाश आणि तोंडभर. मजुरी कापायचं ठरलं की कारकुनाच्या आधी आम्हाला कळायचं. सकाळी त्यांनी केबिनमध्ये म्हणायचं आणि दुपारी सहाशे माग एकदम मंदावायचे. पुढारी नाही, घोषणा नाही, विचारलं तर सूत खराब. दोन दिवसांत मालक बेत गुंडाळायचे. "भिंतीला कान असतात," असं ते एकदा म्हणाले, तेही आम्ही वाचलं. कान कसले, आमचे कान मागांनी केव्हाच खाल्ले होते. मग त्यांनी फितूर हुडकायला घेतला. आधी कारकून गेला, मग शिपाई, मग सख्खा मेहुणा. मेहुण्याचा गुन्हा एवढाच की तो सगळं ऐकून मान डोलवायचा. आम्ही हसू दाबता दाबता धागे तोडले.

आणि मग नवे मॅनेजर आले. त्यांच्या मिशा म्हणजे कौलावरून उतरलेला वेल. वरचा ओठ नाही, खालचा ओठ नाही, बोलताना नुसतं झुडूप हलायचं. आता संभाषण अर्धंच मिळू लागलं, आणि तेही बिनकामाचं अर्धं, कारण हुशारीचं सगळं झुडूपच बोलायचं. मालकांच्या ओठांवर नुसतं "हो", "बरं", "नक्की?"

बुधवारी मालकांच्या तोंडून तीन गोष्टी वाचल्या. "शनिवारी?" मग, "बाई आहे?" आणि मग जरा पुढे झुकून, "कोणता माग?"

बाई म्हणजे वन्संच. वन्संच्या मागे नवरा नाही, दोन मुली. नाव फुटलं तर या कारखान्यातच काय, आसपासच्या कुठल्याही कारखान्यात त्यांना दारात उभं करणार नव्हते. मालकांची आपापसात चांगली एकी असते, त्यांना त्यासाठी पुस्तिका लागत नाही. शनिवारी काय होणार ते कळल्याशिवाय आम्ही काही करू शकत नव्हतो, आणि ते कळायला मधे मिशा.

मॅनेजर दर शुक्रवारी दाढीला आमच्याच दुकानात यायचे. त्याच बुधवारी संध्याकाळी मी यांना म्हटलं, "अहो, हात जरा घसरला तर काय बिघडेल?"

हे पोळीचा घास हातात धरून माझ्याकडे बघतच राहिले. "गिऱ्हाईक डोळे मिटून गळा पुढे करतं. माझ्या हातात वस्तरा असतो. तो कधी घसरत नाही म्हणून माझं दुकान चालतं."

"तुमची बहीण आहे."

"राहू दे गं," वन्सं म्हणाल्या. "बरोबर बोलतोय तो. हातातलं काम मुद्दाम बिघडवायचं नाही, हे मीच सांगते सगळ्यांना." आणि उठून मुलींच्या वेण्या घालायला बसल्या. त्या रागावल्या असत्या तर मला बरं वाटलं असतं. हे त्यानंतर जेवले नाहीत.

शनिवारी सकाळी मॅनेजर केबिनमध्ये शिरले आणि माझा धोटा हातातच राहिला. मिशा नव्हत्या. त्या जागी मुळ्यासारखा पांढरा पट्टा आणि त्याखाली दोन बारके, गुलाबी, पूर्णपणे वाचता येणारे ओठ.

दुकानात काय घडलं ते मला नंतर कळलं. यांनी साबणाचा फेस लावता लावता एवढंच विचारलं होतं, "साहेब, मालक सफाचट आणि तुमच्या मिशा एवढ्या भारदस्त. बाहेरचा माणूस आधी नमस्कार कोणाला करतो?"

मॅनेजरांनी डोळे उघडले. परवाच एका व्यापाऱ्याने आधी त्यांच्याशीच हात मिळवला होता म्हणे, आणि मालक त्यानंतर दिवसभर घुश्श्यात होते.

"आधीचे तीन जण असेच गेले," हे म्हणाले. "कशामुळे ते त्यांनाही कळलं नाही."

मॅनेजरांनी आरशात मिशांकडे एकदा पाहून घेतलं. मग मॅनेजर बारीक आवाजात म्हणाले, "काढून टाका." वस्तरा कुठेही घसरला नाही.

तर आम्ही वाचू लागलो. दुपारच्या सुट्टीत सगळे जेवायला आवाराबाहेर गेले की फाटकाला कुलूप. चावी पहारेकऱ्याने तडक बंगल्यावर नेऊन द्यायची. सोमवारी सही करतील तेवढ्यांनाच आत घ्यायचं, की आम्ही संघटनेत नाही. आणि सत्तेचाळीस नंबरच्या मागावरची ती बाई कायमची बाहेर. पहिल्या मागापासून शेवटच्या मागापर्यंत बातमी चार मिनिटांत गेली, आणि या वेळी एक शब्दही आटला नाही.

सुट्टीचा भोंगा झाला. कोणी हललं नाही. सगळ्यांनी मागांमधेच बसकण मारली आणि डबे उघडले. पहारेकरी हुकमाचा पक्का, त्याने वेळेवर फाटक लावलं आणि चावी घेऊन बंगल्याकडे चालू लागला. फाटकाच्या आत तीनशे कामगार, एक मॅनेजर आणि एक मालक. मालकांचं जेवण बंगल्यावर होतं.

जेवण उरकलं तरी आम्ही माग सुरू केले नाहीत. त्या शेडमध्ये मी तेरा वर्षं होते, पण शांतता पहिल्यांदाच ऐकली. मालक जिना उतरून सत्तेचाळीस नंबरपाशी आले. एरवी कोणाला ऐकू गेलं नसतं, पण आता त्यांच्या बुटांचाही आवाज शेवटच्या म्हातारीपर्यंत जात होता. वन्सं उठून उभ्या राहिल्या.

"कोणालाही काढायचं नाही, आणि मजुरीचं काही ठरवायचं तर आधी संघटनेशी बोलायचं," वन्सं म्हणाल्या. "तेवढं लिहून द्या. तुमचा माल न्यायचं जहाज मंगळवारी सुटतंय, कापड अजून मागावर आहे."

जहाजाचं मालकांनी मॅनेजरखेरीज कोणालाही सांगितलं नव्हतं. त्यांनी वळून मॅनेजरांकडे असं पाहिलं की त्या बिचाऱ्याचा हात आपसूक नसलेल्या मिशांकडे गेला.

"तुम्हाला हे सगळं सांगतं कोण?" मालकांनी विचारलं.

तीनशे तोंडं एकदम हलली, आवाज न काढता. "तुम्हीच."

मालक या तोंडाकडून त्या तोंडाकडे बघत राहिले. "काय म्हणतात हे?" त्यांनी मॅनेजरांना विचारलं. मॅनेजरांना काय माहीत.

पाच वाजेपर्यंत त्यांनी दम धरला. मग पोटात कावळे कोकलू लागले तेव्हा कागद मागवला. वन्संनी आपल्या डब्यातला अर्धा भाग बाजूला काढून ठेवला होता. मालकांनी डब्याकडे हात केला तेव्हा म्हणाल्या, "आधी सही."

वन्सं अजून सत्तेचाळीस नंबरवरच आहेत. हे अजूनही म्हणतात की मी कोणाचा नोकर नाही आणि तुमचं ते लाल प्रकरण मला पटत नाही. यांनी आजवर सख्ख्या मेहुण्याची, म्हणजे माझ्या भावाचीसुद्धा, दाढी फुकट केलेली नाही. पण मॅनेजर दर शुक्रवारी येतात, आणि दाढीचे पैसे घेतले तरी वरच्या ओठाचे हे घेत नाहीत. मी एकदा कारण विचारलं. चामड्याच्या पट्ट्यावर वस्तरा घासत, माझ्याकडे न बघता म्हणाले, "ताईला सांग, माझी वर्गणी पोचती होतेय."